जमैकाचा कौल : वेस्ट इंडीज संघराज्यातून माघार

१९ सप्टेंबर १९६१ रोजी जमैकातल्या मतदारांपुढे एकच प्रश्न होता : जमैकाने वेस्ट इंडीज संघराज्यात राहावे का? २,१७,३१९ जणांनी 'हो' म्हटले आणि २,५६,२६१ जणांनी 'नाही'. नोंदलेल्या मतदारांपैकी साधारण साठ टक्केच मतदानाला आले होते आणि दोन्ही बाजूंमधला फरक चाळीस हजारांच्याही आत होता. तरीही तेवढ्या मतांनी दहा वसाहतींचे संघराज्य संपवले. साडेआठ महिन्यांनी, ३१ मे १९६२ रोजी, ते कायद्याने विसर्जित झाले. विसर्जनाची ही तारीख लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण हेच संघराज्य स्वतंत्र राष्ट्र म्हणून जन्माला येण्यासाठी आधी हाच दिवस ठरला होता.

जमैका तेव्हा स्वतंत्र देश नव्हता. १६५५ मध्ये इंग्रजांनी हे बेट स्पॅनिशांकडून घेतले आणि तेव्हापासून ते ब्रिटिश राजसत्तेखाली होते. वसाहतीच्या अवस्थेत असलेल्या प्रदेशाने, स्वतः राजसत्तेनेच उभारलेल्या संघराज्यातून, जनतेला विचारून बाहेर पडावे, अशी उदाहरणे इतिहासात फार थोडी आहेत. म्हणून हे प्रकरण मुळापासून पाहावे लागते.

मुळाशी भूगोल आहे. वेस्ट इंडीज हे नाव एक असले तरी बेटे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर नाहीत. पूर्वेकडे अँटिग्वा, डॉमिनिका, सेंट लुशिया, बार्बाडोस, ग्रेनाडा अशी बेटांची माळ दक्षिणेला त्रिनिदादपर्यंत उतरत जाते. जमैका या माळेपासून पार अलग, पश्चिमेला, क्युबाच्या दक्षिणेस आहे. जमैकाची राजधानी किंग्स्टन आणि त्रिनिदादचे पोर्ट ऑफ स्पेन यांमधले अंतर अठराशे किलोमीटरांच्या आसपास भरते, म्हणजे मुंबई-कोलकात्यापेक्षा जास्त, आणि तेही सगळे समुद्रावरून. जमैकाचा माणूस कामधंद्यासाठी पनामाला गेला, क्युबाला गेला, अमेरिकेला गेला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडला गेला. सेंट किट्स किंवा ग्रेनाडाला जाण्याचे त्याला कारण नव्हते. पूर्वेकडची बेटे वेस्ट इंडियन डॉलर वापरत आणि जमैकाचा व्यवहार पौंडात चाले. 'छोट्या बेटावरचा' हा शब्द जमैकात काहीसा हिणवण्यासाठी वापरला जाई.

तरीही ही बेटे एकत्र आणण्याचा विचार जुना आहे. लंडनच्या वसाहत खात्याला तो कारभाराच्या सोयीसाठी सुचला : दहा ठिकाणी दहा गव्हर्नर, दहा खजिने आणि दहा कायदेमंडळे पोसण्यापेक्षा एकच मोट बांधलेली बरी. १८७१ मध्ये लीवर्ड बेटांचे एक संघराज्य उभे करण्यात आले. १८७६ मध्ये बार्बाडोसला विंडवर्ड बेटांशी जोडण्याची योजना पुढे आली तेव्हा तिथे दंगे उसळले आणि योजना मागे घ्यावी लागली.

विसाव्या शतकात मात्र ही कल्पना वेगळ्या लोकांच्या हाती गेली. १९३० च्या दशकात साखरेचे भाव कोसळले, मजुरीचे दर जगण्यापुरतेही उरले नाहीत आणि एकामागून एक बेटावर संप पेटले. जमैकात मे १९३८ मध्ये फ्रोमच्या साखर कारखान्यावर गोळीबार झाला आणि किंग्स्टनच्या गोदीपर्यंत असंतोष पसरला. त्यातून दोन नेते पुढे आले. अलेक्झांडर बुस्टामांटे हे मजुरांचे पुढारी. त्यांनी आपल्याच नावाची कामगार संघटना काढली आणि १९४३ मध्ये जमैका लेबर पार्टी स्थापली. नॉर्मन मॅन्ली हे ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकलेले, पहिल्या महायुद्धात तोफखान्यात लढलेले आणि बेटावरचे सर्वांत नावाजलेले बॅरिस्टर. त्यांनी १९३८ मध्येच पीपल्स नॅशनल पार्टी उभी केली. दोघे जवळच्या नात्यातले भाऊ होते. पुढची तीस वर्षे जमैकाचे राजकारण या दोन भावांभोवती फिरले.

मॅन्ली, बार्बाडोसचे ग्रँटली ॲडम्स आणि त्यांच्या पिढीच्या कामगार पुढाऱ्यांना संघराज्य हवे होते ते स्वातंत्र्यासाठी. तीस लाखांच्या आसपास लोकवस्ती असलेला एकत्रित प्रदेश ब्रिटनकडे स्वराज्य मागू शकेल, तुटक बेटांना कोणी दाद देणार नाही, अशी त्यांची खात्री होती. लंडनला खर्च आणि जबाबदारी कमी करायची होती, बेटांवरच्या पुढाऱ्यांना राष्ट्र हवे होते. दोघांनी शब्द एकच वापरला, म्हणून अर्थही एकच आहे असे बरीच वर्षे वाटत राहिले.

सप्टेंबर १९४७ मध्ये जमैकातल्या माँटेगो बे येथे परिषद भरली आणि संघराज्याचे तत्त्व मान्य झाले. पुढची आखणी करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते सर ह्युबर्ट रान्स, ब्रह्मदेशाचे शेवटचे ब्रिटिश गव्हर्नर. समितीचा अहवाल १९५० मध्ये आला, १९५३ आणि १९५६ मध्ये लंडनला परिषदा झाल्या, १९५६ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला आणि ३ जानेवारी १९५८ रोजी संघराज्य अस्तित्वात आले. माँटेगो बेपासून इथवर दहा वर्षे गेली होती, आणि या दहा वर्षांनीच संघराज्याचे मोठे नुकसान केले. १९४७ मध्ये स्वराज्य मिळवण्याचा संघराज्य हा एकमेव मार्ग दिसत होता. १९५८ येईपर्यंत जमैकाला घरच्या कारभारात जवळजवळ पूर्ण अधिकार मिळत आले होते. १९५२ मध्ये बेटावर बॉक्साइटचे उत्खनन सुरू झाले होते आणि पाचच वर्षांत जमैका बॉक्साइटच्या उत्पादनात जगात पहिला झाला होता. पर्यटनाचा पैसा येऊ लागला होता, कारखाने उभे राहत होते. ज्याच्यासाठी एकत्र यायचे ते एकट्याने मिळू लागले होते.

संघराज्यात दहा वसाहती होत्या : जमैका, त्रिनिदाद-टोबॅगो, बार्बाडोस, ग्रेनाडा, सेंट लुशिया, सेंट व्हिन्सेंट, डॉमिनिका, अँटिग्वा, सेंट किट्स-नेव्हिस-अँग्विला आणि माँटसेरात. मुख्य भूमीवरच्या ब्रिटिश गयाना आणि ब्रिटिश होंडुरास या वसाहती बाहेरच राहिल्या. गयानात भारतीय वंशाच्या लोकांची संख्या मोठी होती, आणि आफ्रिकी वंशाच्या बहुसंख्येच्या संघराज्यात आपण अल्पमतात जाऊ ही भीती त्यांच्यात होती. त्रिनिदादच्या भारतीय वंशीयांनाही तीच काळजी होती, मात्र त्यांना बाहेर राहण्याचा पर्याय मिळाला नाही.

संघराज्याचे निशाण सुंदर होते. निळ्या जमिनीवर चार पांढऱ्या नागमोडी रेघा आणि मधोमध सोनेरी-केशरी गोल : समुद्रावरचा सूर्य. त्याची रचना एडना मॅन्ली यांची, म्हणजे नॉर्मन मॅन्लींच्या पत्नी आणि जमैकाच्या थोर शिल्पकार यांची. ज्या घरात हे निशाण आखले गेले त्याच घराच्या वाट्याला ते उतरवण्याची वेळ आणण्याचे ओझे यावे, हा या इतिहासातला सर्वांत दुःखद भाग आहे.

निशाणाच्या मागे जे सरकार उभे होते ते फार अशक्त होते. पहिली पाच वर्षे त्याला प्राप्तिकर बसवण्याचा अधिकार नव्हता. त्याचा खर्च घटक वसाहतींनी ठरावीक प्रमाणात द्यायच्या वर्गणीतून चाले. ही वर्गणी सारी मिळून वर्षाला सुमारे ९१ लाख वेस्ट इंडियन डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने १९ लाख पौंड होती. त्यातला ४३ टक्क्यांच्या आसपासचा वाटा एकट्या जमैकाचा होता. एकट्या जमैका सरकारचा वार्षिक खर्च या रकमेच्या कितीतरी पट होता. एवढ्या पैशात संघराज्य विद्यापीठाला मदत, एक पलटण, वरिष्ठ न्यायालय आणि थोडीफार खाती चालवू शके. रस्ता, शाळा, दवाखाना, पाणी यांतले काहीही ते लोकांना देऊ शकत नव्हते. केळी पिकवणाऱ्या डोंगराळ परगण्यातल्या शेतकऱ्याला संघराज्याचा एकही अधिकारी कधी भेटत नव्हता. कॅनडाने भेट दिलेली 'फेडरल पाम' आणि 'फेडरल मेपल' ही दोन जहाजे १९६१ मध्ये बेटाबेटांना जोडीत फिरू लागली, तेव्हा प्रथमच संघराज्य डोळ्यांना दिसले. पण तोवर सार्वमत तोंडावर आले होते.

प्रतिनिधित्वाचे गणितही जमैकाला सलत होते. संघाच्या लोकसंख्येत जमैकाचा वाटा निम्म्याहून जास्त, सुमारे सोळा लाख. पण ४५ जणांच्या प्रतिनिधिगृहात जमैकाला १७ जागा होत्या. त्रिनिदादला १०, बार्बाडोसला ५, माँटसेरातला १ आणि उरलेल्या सहा बेटांना प्रत्येकी २. छोट्या बेटांना सांभाळून घेण्यासाठी हे वाटप करण्यात आले होते आणि संघराज्यात असे करावेच लागते. मात्र जमैकाच्या सभांमधून याचे एकच वाक्य झाले : पैसा आपला, मते त्यांची.

राजधानीचा वाद याहून कडू झाला. जागा सुचवण्यासाठी सर फ्रान्सिस मुडी यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. हे मुडी फाळणीपूर्वी सिंधचे आणि नंतर पश्चिम पंजाबचे गव्हर्नर होते. त्यांच्या आयोगाने पहिली पसंती बार्बाडोसला, दुसरी जमैकाला आणि शेवटची त्रिनिदादला दिली. शिवाय त्रिनिदादच्या राजकारणाबद्दल बोचणारे शेरेही मारले. १९५७ मध्ये बेटांच्या पुढाऱ्यांनी अहवाल बाजूला ठेवून त्रिनिदादच निवडले आणि तिथली चॅग्वारामासची खाडी राजधानीसाठी मुक्रर केली. त्या खाडीवर अमेरिकेचा नाविक तळ होता. महायुद्धात ब्रिटनने अमेरिकेकडून जुन्या विनाशिका घेतल्या, त्या कराराच्या ओघात ही जमीन ९९ वर्षांच्या पट्ट्याने दिली गेली होती. त्रिनिदादचे नेते एरिक विल्यम्स यांनी चॅग्वारामास परत मिळवण्याचा लढा उभारला आणि २२ एप्रिल १९६० रोजी भर पावसात मोर्चा काढला. लढा न्याय्य होता. पण तो चालू असेपर्यंत संघराज्याला राजधानीचे शहर मिळाले नाही. त्याची कचेरी पोर्ट ऑफ स्पेनमध्येच राहिली.

पहिली संघीय निवडणूक २५ मार्च १९५८ रोजी झाली. मॅन्लींच्या नेतृत्वाखालच्या वेस्ट इंडीज फेडरल लेबर पार्टीला निसटते बहुमत मिळाले. पण जमैका आणि त्रिनिदाद या दोन्ही मोठ्या बेटांवर तिचा पराभव झाला. सरकार उभे राहिले ते छोट्या बेटांच्या जोरावर. दुसरी अडचण अशी की संघीय संसदेचा सभासद आपल्या बेटाच्या कायदेमंडळात बसू शकत नव्हता. दोहोंतून एक निवडायचे होते. मॅन्ली, बुस्टामांटे आणि विल्यम्स या तिघांनीही आपापले बेट निवडले. पंतप्रधानपद ग्रँटली ॲडम्स यांच्याकडे आले. ॲडम्स आपल्या बेटाचे मोठे नेते होते, पण जमैकात आणि त्रिनिदादमध्ये त्यांच्या शब्दाला वजन नव्हते. मॅन्लींनी त्या वेळी पोर्ट ऑफ स्पेनला जायला हवे होते. न जाणे ही त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी राजकीय चूक म्हणावी लागेल. घर सोडले तर जमैकात बुस्टामांटे पुन्हा सत्तेवर येतील आणि संघराज्यच धोक्यात येईल, हा त्यांचा हिशेब होता. हिशेब चुकीचा होता असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण ज्याला राष्ट्र उभे करायचे आहे त्यानेच राष्ट्राच्या राजधानीत न जाणे, याचा अर्थ सामान्य माणसाने आपल्या परीने लावला.

२२ एप्रिल १९५८ रोजी राजकन्या मार्गारेट यांच्या हस्ते पहिल्या संसदेचे उद्घाटन झाले. वर्ष संपायच्या आत पहिला तडा गेला. पाच वर्षांची मुदत संपली की संघ सरकार प्राप्तिकर बसवील आणि तो मागील तारखेपासूनही वसूल करू शकेल, अशा अर्थाचे विधान ॲडम्स यांनी १९५८ च्या अखेरीस केले. त्याच सुमारास जमैका एका परदेशी कंपनीला तेलशुद्धीकरण कारखान्यासाठी सवलती देत होते आणि संघ सरकारला तेल काढणाऱ्या त्रिनिदादचे हित पाहायचे होते. जमैकात हलकल्लोळ झाला. बाहेरचे गुंतवणूकदार करसवलतीच्या आशेने येत होते आणि उद्या कोणीतरी अठराशे किलोमीटरांवरून मागचा कर मागेल ही कल्पना कोणालाच सहन होण्यासारखी नव्हती. ॲडम्स यांना जे कायद्याने शक्य वाटत होते ते राजकारणात अशक्य होते, आणि त्या एका विधानाने बुस्टामांटे यांना तीन वर्षे पुरेल एवढी शिदोरी मिळाली.

यानंतर मॅन्ली आणि विल्यम्स हे दोन मित्र दोन टोकांना उभे राहिले. विल्यम्स यांच्या सरकारने १९५९ मध्ये 'द इकॉनॉमिक्स ऑफ नेशनहुड' हे पुस्तक काढले आणि कर, उद्योग, नियोजन हे सारे केंद्राच्या हाती देणाऱ्या भक्कम संघराज्याची मागणी केली. विचार म्हणून तो अधिक सुसंगत होता, कारण कर आणि नियोजन हाती नसलेले केंद्र कशासाठी ठेवायचे? जमैकाला नेमके उलटे हवे होते : लोकसंख्येप्रमाणे जागा, उद्योगधोरणावर आणि प्राप्तिकरावर आपलाच ताबा आणि केंद्र जेवढे हलके तेवढे बरे. त्यातही विल्यम्स यांना छोट्या बेटांवरच्या माणसांचा त्रिनिदादमध्ये मुक्त ओघ नको होता, आणि जमैकाला जकात संघ लवकर नको होता. प्रत्येकाने एक दार बंद ठेवले होते.

जानेवारी १९६० मध्ये मॅन्ली लंडनला जाऊन वसाहतमंत्री इयान मॅकलाउड यांना भेटले आणि त्यांनी स्पष्ट विचारले : जमैकाला एकट्याला स्वातंत्र्य मिळू शकेल का? उत्तर होकारार्थी आले. संघराज्याचे सर्वांत मोठे कैवारी हा प्रश्न विचारतात यावरून त्यांच्यावर घरचा किती दाब होता ते कळते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सायप्रस स्वतंत्र झाले. त्याची लोकसंख्या जमैकाच्या निम्म्याहूनही कमी होती. छोट्या प्रदेशांना एकट्याने उभे राहता येत नाही, हा संघराज्याचा मूळ युक्तिवाद तिथेच लंगडा पडला.

३० मे १९६० रोजी बुस्टामांटे यांनी जाहीर केले की आपला पक्ष संघराज्याच्या विरोधात आहे. एका संघीय पोटनिवडणुकीत उमेदवार उभा न करण्याचे निमित्त होते. मॅन्लींनी लगेच दुसऱ्या दिवशी, ३१ मे रोजी, सार्वमताची घोषणा केली. घटनेत सार्वमताची तरतूद नव्हती, संघराज्यातून बाहेर पडण्याचीही नव्हती. मॅन्लींच्या हाती विधिमंडळात बहुमत होते, १९५९ ची निवडणूक त्यांनी नुकतीच चांगल्या फरकाने जिंकली होती. त्या बळावर जमैकाला ते संघराज्यात ठेवू शकले असते. तसे न केल्याचा ठपका त्यांच्यावर आजवर अनेकांनी ठेवला आहे. पण ज्या राष्ट्रात लोकांना न्यायचे आहे त्यात यायचे की नाही हे त्यांनाच विचारले पाहिजे, ही त्यांची भूमिका होती आणि ती बरोबर होती. लोकांच्या मनाविरुद्ध बांधलेले संघराज्य स्वातंत्र्यानंतर फुटले असते, आणि ते फुटणे अधिक रक्तरंजित ठरण्याची शक्यता होती.

सार्वमताआधी मॅन्लींनी वाटाघाटीत जमैकासाठी जवळजवळ सगळे मिळवले. जून १९६१ मध्ये लंडनच्या लँकास्टर हाउसमध्ये झालेल्या परिषदेत जमैकाला नव्या प्रतिनिधिगृहात जवळपास निम्म्या जागा मिळाल्या, आणि प्राप्तिकर व उद्योगविकास हे विषय जमैकाच्या संमतीवाचून केंद्राकडे जाणार नाहीत अशी व्यवस्था झाली. विल्यम्स दुखावले जाऊन परतले. मॅन्ली विजयी मुद्रेने परतले. पण मिळवलेले सगळे घटनेच्या कलमांत होते आणि ते खेड्यात समजावून सांगणे अवघड होते.

बुस्टामांटे यांना समजावून सांगण्यासारखे काही नव्हतेच. वय ७७, उंचपुरा देह, विस्कटलेले पांढरे केस, आणि वीसहून अधिक वर्षे ऊसतोड्यांच्या संपांत कमावलेला आवाज. कर वाढेल, छोट्या बेटांवरचे लोक येऊन कामे घेतील, जमैकाचा पैसा बाहेर जाईल, एवढीच त्यांची मांडणी होती. तीत अतिशयोक्ती होती, पण ती निराधार नव्हती. ४३ टक्क्यांचा आकडा खरा होता, ॲडम्स यांचे विधान खरे होते. शिवाय ज्यांना मॅन्ली सरकारवर राग काढायचा होता त्यांनाही ही आयती संधी होती. मॅन्लींचा स्वतःचा पक्षही एकदिलाने प्रचारात उतरला नाही. किंग्स्टन आणि लगतच्या सेंट अँड्र्यूने संघराज्याच्या बाजूने कौल दिला. बहुतेक ग्रामीण परगणे विरोधात गेले. साडेचोपन्न टक्क्यांच्या आत राहिलेला नकार तिथून आला.

कायद्याच्या दृष्टीने हा निकाल ब्रिटनवर बंधनकारक नव्हता. घटनेत बाहेर पडण्याचा मार्गच नसल्याने लंडनला तो नाकारता आला असता, आणि ॲडम्स यांची तशी अपेक्षाही होती. पण वसाहत खात्याने निकाल मान्य केला. ज्या पार्लमेंटने संघराज्य घडवले तेच ते मोडू शकत होते. त्रिनिदादमध्ये विल्यम्स यांनी आपल्या लोकांना गणित सांगितले : दहातून एक गेला की शून्य उरते. डिसेंबर १९६१ ची निवडणूक त्यांनी जिंकली आणि जानेवारीत त्यांच्या पक्षाने एकट्याने स्वातंत्र्य घेण्याचे ठरवले. उरलेल्या आठांचे ओझे एका तेलवाल्या बेटाने वाहायचे, ही अपेक्षा करणे न्याय्यही नव्हते. पुढे अर्थशास्त्रज्ञ आर्थर लुइस यांनी आठ बेटांचे छोटे संघराज्य तरी व्हावे म्हणून खटपट केली. ती १९६५ पर्यंत रखडली आणि फसली. बार्बाडोसने ३० नोव्हेंबर १९६६ रोजी स्वतंत्र वाट धरली.

त्या शेवटच्या महिन्यांत भारताचा क्रिकेट संघ वेस्ट इंडीजमध्ये होता. संघराज्याचे दिवस मोजले जात असताना, फेब्रुवारी ते एप्रिल १९६२, 'वेस्ट इंडीज' नावाचा संघ पाच कसोटी खेळला आणि पाचही जिंकला. मार्चमध्ये बार्बाडोसच्या ब्रिजटाउनला गोलंदाज चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचे कर्णधार नरी काँट्रॅक्टर यांच्या डोक्याला लागला. त्यांचा जीव वाचवण्यासाठी ज्यांनी रक्त दिले त्यांत पॉली उम्रीगर, चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी होते आणि यजमान कर्णधार फ्रँक वॉरेलही होते. वॉरेल जन्माने बार्बाडोसचे आणि वास्तव्याने जमैकाचे. पूर्ण मालिकांसाठी कर्णधार नेमले गेलेले ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू. त्यांच्या नेमणुकीसाठी लेखणी झिजवणारे सी. एल. आर. जेम्स हे संघराज्याच्या सत्ताधारी पक्षाचे चिटणीस होते. संसदेला जे जमले नाही ते मैदानावर जमले होते.

जमैकात मॅन्लींनी पराभव स्वीकारला, दोन्ही पक्षांच्या समितीमार्फत स्वतंत्र देशाची घटना तयार करवली आणि स्वातंत्र्याआधी निवडणूक जाहीर केली. १० एप्रिल १९६२ च्या त्या निवडणुकीत ४५ पैकी २६ जागा बुस्टामांटे यांना मिळाल्या, १९ मॅन्लींना. स्वातंत्र्याची घटना घडवणारे मॅन्ली विरोधी बाकावर बसले. ६ ऑगस्ट १९६२ रोजी किंग्स्टनच्या नव्या स्टेडियमवर युनियन जॅक उतरला आणि काळा-हिरवा-सोनेरी झेंडा चढला. राणीच्या वतीने राजकन्या मार्गारेटच हजर होत्या. चार वर्षांपूर्वी पोर्ट ऑफ स्पेनला संघराज्याची संसद त्यांनीच उघडली होती. त्रिनिदाद-टोबॅगो ३१ ऑगस्टला स्वतंत्र झाले.

संघराज्याची मोडणी निमूटपणे झाली. कर्मचाऱ्यांना भरपाई मिळाली, पलटण विसर्जित झाली, कागदपत्रे बांधली गेली. टिकले ते जे संघराज्याच्या आधीपासून होते आणि ज्यात लोकांना थेट वाटा होता : १९४८ मध्ये जमैकातल्या मोना येथे सुरू झालेले विद्यापीठ, जे १९६२ मध्ये लंडनच्या छत्राखालून बाहेर पडून 'युनिव्हर्सिटी ऑफ द वेस्ट इंडीज' झाले, आणि क्रिकेटचा संघ. 'फेडरल पाम' आणि 'फेडरल मेपल' ही जहाजेही फेडरेशन उरले नसताना त्याच नावांनी बरीच वर्षे फिरत राहिली.

मॅन्ली सप्टेंबर १९६९ मध्ये वारले. बुस्टामांटे १९७७ मध्ये वारले, तोही दिवस ६ ऑगस्ट, जमैकाचा स्वातंत्र्यदिन. त्याआधी बेटे पुन्हा एकदा जवळ आली होती, या वेळी व्यापाराच्या आणि सहकार्याच्या मार्गाने आणि प्रत्येकाचे सार्वभौमत्व शाबूत ठेवून. कॅरिबियन समुदायाचा, म्हणजे 'कॅरिकॉम'चा करार १९७३ मध्ये झाला. जमैकाच्या वतीने सही करणारे पंतप्रधान होते मायकेल मॅन्ली, नॉर्मन आणि एडना यांचे चिरंजीव. सहीसाठी जागा निवडली ती चॅग्वारामास, जिथे संघराज्याची राजधानी व्हायची होती ती, आणि दिवस निवडला ४ जुलै, नॉर्मन मॅन्लींचा जन्मदिवस.